संगोपन कुटुंबातील बालकांचे शालेय यश : सातत्याचा प्रश्न आणि शिक्षणसंस्थांची भूमिका

गोषवारा

ज्या बालकांचे संगोपन जन्मदात्या कुटुंबाबाहेर होते, त्यांच्या शैक्षणिक मागासलेपणाची कारणे बहुधा त्यांच्या बुद्धिमत्तेत अथवा वर्तनात शोधली जातात. प्रस्तुत लेखात अशी मांडणी केली आहे की, या अपयशाचे मुख्य कारण म्हणजे सातत्याचा अभाव होय. शाळा बदलते, कागदपत्रे मागे राहतात आणि मुलाच्या अभ्यासाची रोज विचारपूस करणारी एक निश्चित व्यक्ती उरत नाही. भारतातील कायदेशीर चौकट, महाराष्ट्रातील योजना व परदेशांतील निवडक संशोधन यांच्या आधारे शाळा, संगोपन कुटुंब, बालकल्याण यंत्रणा व महाविद्यालय यांनी काय करावे, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संगोपन कुटुंब, बालकल्याण समिती, शालेय सातत्य, अनुरक्षण, बालसंगोपन योजना.

१. प्रस्तावना

दुसऱ्याचे मूल आपल्या घरी वाढविणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी पुढे दत्तक घेतले, शिकविले आणि तो डॉक्टर झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. वार लावून जेवत शिक्षण पुरे केलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा तर आपल्या मागील पिढ्यांनी भरपूर ऐकल्या आहेत.

या उदाहरणांचा सामान्यतः काढला जाणारा अर्थ असा की, निवारा व अन्न मिळाले की हुशार मूल आपोआप शिकते. हा अर्थ अपुरा आहे. यशवंतला केवळ छप्पर मिळाले नव्हते, तर त्याच्या शिक्षणाची चिंता वाहणारे आईवडील मिळाले होते. निवारा आणि शिक्षण यांच्या मधला हा दुवा कोणता, तो आजच्या व्यवस्थेत कोठे तुटतो आणि तो कसा जोडता येईल, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. संकल्पना व कायदेशीर चौकट

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या विषयाचा मूलाधार आहे. हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला व २०२१ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आल्या. बालकाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे तत्त्व या कायद्याने स्वीकारले आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाबाबत निर्णय घेण्याचा अधिकार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीस आहे. ही समिती एक अध्यक्ष व चार सदस्य यांची असते.

कायद्यात ज्याला ‘फॉस्टर केअर’ म्हटले आहे, ती व्यवस्था म्हणजे समितीच्या आदेशाने बालकाला त्याच्या जैविक कुटुंबाव्यतिरिक्त अन्य निवडलेल्या, मान्यता दिलेल्या व देखरेखीखालील कुटुंबात ठेवणे होय. प्रस्तुत लेखात अशा कुटुंबाला ‘संगोपन कुटुंब’ म्हटले आहे. दत्तकविधान कायमचे असते व त्यात नाते बदलते. संगोपनात मात्र मूल मूळ कुटुंबात परतण्याची शक्यता खुली राहते. कलम ४४ नुसार बालकाचे शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी संगोपन कुटुंबावर आहे, समितीने अशा कुटुंबांची दरमहा पाहणी करावयाची आहे आणि भावंडे शक्यतो एकत्र ठेवावयाची आहेत. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यासाठी प्रति बालक दरमहा ४००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले.

महाराष्ट्रातील बालसंगोपन योजना हिच्याहून काहीशी भिन्न आहे. अनाथ, एकपालक, अथवा ज्यांचे पालक गंभीर आजारामुळे संगोपन करू शकत नाहीत अशा बालकांना संस्थेऐवजी कुटुंबातच वाढता यावे, म्हणून या योजनेत दरमहा अनुदान दिले जाते. २०२३ मध्ये ते २२५० रुपये करण्यात आले. व्यवहारात या योजनेतील अनेक मुले आजी-आजोबा, मामा, मावशी, काका किंवा एकट्या आईजवळ राहतात. अर्थात कायद्याच्या भाषेत सगळीच ‘फॉस्टर केअर’ नसली, तरी शाळेच्या दृष्टीने या मुलांचे प्रश्न बव्हंशी समान आहेत. म्हणून प्रस्तुत विवेचनात त्यांचा एकत्रित विचार केला आहे.

३. अपयशाची प्रक्रिया

सर्वसाधारण घरात पालक मुलाच्या शिक्षणासाठी जे काम करतात, त्यातील बरेचसे अदृश्य असते. गृहपाठाची वही पाहणे, पालकसभेला जाणे, परीक्षेच्या अर्जाची अंतिम तारीख लक्षात ठेवणे, चष्म्याचा नंबर वाढल्याचे ओळखणे, शिष्यवृत्तीसाठी दाखले जमविणे, आणि मूल नापास झाल्यावर शिक्षकांना भेटणे ही कामे कोणत्याही अभ्यासक्रमात नमूद नसतात. ती होतात म्हणून आपल्याला शिक्षण सुरळीत चालल्यासारखे वाटते.

बालक शासनाच्या काळजीत आले की ही कामे विभागली जातात. ताब्याचा आदेश समिती देते, पाहणी जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत होते, अनुदान महिला व बालविकास विभागातून येते, शाळा शिक्षण विभागाची असते आणि रोजचे जेवणखाण कुटुंब पाहते. प्रत्येकजण आपापले काम नियमानुसार करीत असूनही, सातवीतील या मुलीचे गणित सहा महिन्यांपासून का मागे पडले, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही. हा दोष व्यक्तींचा कमी व रचनेचा अधिक आहे.

यात आणखी तीन अडचणींची भर पडते.

पहिली अडचण स्थलांतराची. घर बदलले की शाळा बदलते. वर्षाच्या मध्यावर नव्या शाळेत आलेल्या मुलाचा काही अभ्यासक्रम दोनदा होतो व काही मुळीच होत नाही. अपूर्णांक शिकविले जात असताना जे मूल बालकल्याण समितीपुढे बसले होते, त्याला पुढे बीजगणित कळत नाही आणि ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो.

दुसरी अडचण कागदपत्रांची. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा व उत्पन्नाचा दाखला यांपैकी काही ना काही नसतेच. जातीच्या दाखल्यासाठी पितृकुळातील पुरावे लागतात, आणि ज्या मुलाचा त्या कुळाशी संपर्कच उरलेला नाही त्याने ते कोठून आणावेत?

तिसरी अडचण मनाची. विरह, उपासमार, मारहाण अथवा मृत्यू जवळून पाहिलेल्या मुलाचे लक्ष सदैव धोक्याच्या चाहुलीकडे असते. मोठा आवाज झाला की दचकणे, वर्गात झोप लागणे, डबा लपवून ठेवणे, क्षुल्लक कारणावरून भांडणे ही वर्तने शिक्षकाला बेशिस्त वाटतात. वास्तविक ती एकेकाळी त्या मुलाच्या बचावाची साधने होती. शिक्षा केल्याने ती कमी होत नाहीत, उलट शाळा हेही असुरक्षित ठिकाण आहे अशी त्याची खात्री पटते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. या मुलांबाबत त्या तरतुदीला शैक्षणिक अर्थही आहे.

४. संशोधनातून मिळणारा बोध

रुमानियातील बुखारेस्ट येथे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी २००० च्या सुमारास एक दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. संस्थांत वाढणाऱ्या, ६ ते ३१ महिने वयाच्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना यादृच्छिक पद्धतीने निवडून प्रशिक्षित संगोपन कुटुंबांत ठेवण्यात आले. २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, साडेचार वर्षांच्या वयात संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ७३, तर कुटुंबाच्या गटाचा सुमारे ८१ आढळला. कुटुंबात जितक्या लहान वयात प्रवेश, तितका लाभ अधिक असेही दिसून आले. तथापि, आपल्या जन्मदात्या कुटुंबातच वाढलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे १०९ होता. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कुटुंब मिळाल्याने फरक पडतो, परंतु केवळ कुटुंब मिळाल्याने सगळी हानी भरून निघत नाही. शाळेने करावयाचे काम शिल्लक उरतेच.

इंग्लंडमध्ये सोनिया जॅक्सन यांनी १९८० च्या दशकात काळजीतील मुलांच्या शिक्षणाकडे सामाजिक कार्य आणि शिक्षण या दोन्ही क्षेत्रांचे दुर्लक्ष झाल्याचे दाखवून दिले. ऑक्सफर्ड व ब्रिस्टल विद्यापीठांच्या २०१५ च्या संयुक्त अभ्यासात सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचे निकाल तपासण्यात आले. अकराव्या वर्षानंतर निवासस्थान बदलण्याच्या प्रत्येक प्रसंगाशी सुमारे एक तृतीयांश श्रेणीची घट निगडित होती. परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या दोन वर्षांत शाळा बदललेल्या विद्यार्थ्यांची एकूण कामगिरी मात्र पाचांहून अधिक श्रेणींनी कमी होती. अशा आकड्यांवरून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण ज्या संकटामुळे शाळा बदलली त्याचाही परिणाम निकालावर होतच असतो. तरीही घर बदलावे लागले तरी शाळा शक्यतो बदलू नये, एवढे मार्गदर्शन त्यातून निश्चित मिळते. त्याच अभ्यासात दीर्घकाळ स्थिर काळजीत राहिलेली मुले, अडचणीतील कुटुंबांतच राहिलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे काळजीव्यवस्था हेच अपयशाचे कारण, ही समजूतही योग्य नाही.

या जाणिवेतून इंग्लंडने प्रत्येक शाळेत अशा मुलांसाठी एक नियुक्त शिक्षक, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शैक्षणिक आराखडा आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात या सर्व मुलांच्या प्रगतीस उत्तरदायी असा एक अधिकारी अशी रचना केली. हे अधिकारीपद २०१४ च्या कायद्याने बंधनकारक झाले. अमेरिकेच्या २०१५ च्या शिक्षण कायद्याने मुलाला शक्यतो मूळ शाळेतच ठेवणे, आणि शाळा बदलावीच लागली तर कागदपत्रांची वाट न पाहता त्वरित प्रवेश देणे बंधनकारक केले. या सर्व उपायांचे सूत्र एकच आहे : विखुरलेली जबाबदारी एका नावाशी बांधणे.

५. उपाययोजना

५.१ शाळेची भूमिका

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला त्वरित देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ नुसार मागे पडलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळावयास हवे. मात्र हे संरक्षण ६ ते १४ वयोगटापुरते, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. शाळाबदल ज्या टप्प्यावर सर्वाधिक महाग पडतो, त्या नववी-दहावीला हा कायद्याचा आधार उरत नाही. तेथे शाळेच्या विवेकावरच सर्व अवलंबून असते.

यासाठी शाळांनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) अशा विद्यार्थ्यांसाठी एका शिक्षकाची नियुक्ती करावी व त्याची बदली झाल्यास जबाबदारी लेखी हस्तांतरित करावी.

(२) प्रवेशानंतर पहिल्या पंधरवड्यात भाषा व गणित यांची निदानात्मक चाचणी घ्यावी. तिचा हेतू इयत्ता खाली आणणे हा नसून सुटलेले घटक शोधणे हा असावा.

(३) ‘माझी आई’, ‘दिवाळीची सुट्टी मी कशी घालविली’ अशा निबंधांना सर्वांसाठीच पर्यायी विषय द्यावेत. एकट्या मुलाला वेगळा विषय दिल्यास त्याचे वेगळेपण वर्गासमोर उघडे पडते.

(४) मुलाची पूर्वकथा आवश्यक त्याच शिक्षकांना व आवश्यक तेवढीच सांगावी. कायद्याच्या कलम ७४ ने प्रसारमाध्यमांतून अशा बालकाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. वह्यावाटपाच्या कार्यक्रमात मुलांना रांगेत उभे करून वृत्तपत्रात नावानिशी छायाचित्र देण्याची प्रथा या दृष्टीने आक्षेपार्ह आहे.

५.२ संगोपन कुटुंबाची भूमिका

संगोपन करणाऱ्या आजीला किंवा मावशीला स्वतःला फारसे लिहिता-वाचता येत नसेल, तरी ती शैक्षणिक दृष्ट्या निरुपयोगी ठरत नाही. अभ्यासाची ठराविक वेळ व जागा, नियमित झोप, शाळेतून आल्यावर ‘आज काय झालं?’ अशी विचारपूस आणि मूल ऐकत असताना त्याच्या आईवडिलांची निंदा न करणे, या चार गोष्टी तिच्या हातातील आहेत. शाळेने पालकसभेला तिला पालक म्हणूनच बोलवावे. सही करण्याचा अधिकार कोणाला, या शंकेपोटी सहल, स्पर्धा वा परीक्षेचा अर्ज अडू नये, म्हणून समितीच्या आदेशाची प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी.

५.३ बालकल्याण यंत्रणेची भूमिका

बालकाच्या व्यक्तिगत काळजी आराखड्यात शिक्षणाचा रकाना असतोच. तेथे ‘शिक्षण चालू’ एवढीच नोंद झाल्यास तिचा उपयोग नाही. वाचनाची पातळी, गैरहजेरीचे दिवस, मागे पडलेले विषय, प्रलंबित दाखले आणि पुढील परीक्षेची तारीख अशा नोंदी असाव्यात. मुलाला कोठे ठेवावे हे ठरविताना सध्याच्या शाळेचे अंतर विचारात घ्यावे आणि बदल अटळ असेल तर तो शक्यतो वर्षाअखेरीस करावा.

५.४ महाविद्यालयाची भूमिका

येथे एका साध्या हिशेबाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेले मूल अठराव्या वर्षी बारावी होते. स्थलांतरात एक-दोन वर्षे गेली असतील, तर अठरावा वाढदिवस अकरावी-बारावीतच येतो आणि त्या दिवशी ते कायद्याच्या दृष्टीने बालक राहत नाही. अठरा ते एकवीस या वयात मिळणाऱ्या साहाय्यास ‘अनुरक्षण’ म्हणतात, अपवादात्मक परिस्थितीत ते आणखी दोन वर्षे वाढविता येते. परंतु कायद्यातील त्याची व्याख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांपुरती आहे, आणि संगोपन कुटुंबातून आलेल्या तरुणाला त्याचा लाभ गृहीत धरता येत नाही. थोडक्यात, प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या रांगेत तो उभा असतो, नेमका तेव्हाच त्याच्या मागचा आधार निघून गेलेला असतो. ज्याच्यासमोर तो उभा असतो ती व्यक्ती म्हणजे आपल्यापैकीच कोणी प्राध्यापक असतो.

महाविद्यालयांना पुढील उपाय सहज शक्य आहेत :

(१) महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. प्रवेश समितीतील प्रत्येकाला याची माहिती असावी. प्रमाणपत्र मिळण्यास वेळ लागतो, म्हणून कनिष्ठ महाविद्यालयानेच अकरावीत ही प्रक्रिया सुरू करून द्यावी.

(२) वसतिगृह दिवाळीत व उन्हाळ्यात बंद होते, तेव्हा ज्याला परतण्यास घर नाही त्याने कोठे जावे, याचा निर्णय सत्राच्या आरंभीच घ्यावा.

(३) एका प्राध्यापकाची संपर्क-प्राध्यापक म्हणून नेमणूक करावी. परीक्षा शुल्क, शिष्यवृत्तीचा अर्ज व हजेरी या तीन बाबींची महिन्यातून एकदा विचारपूस एवढेच त्याचे काम असले, तरी ते पुरेसे मोलाचे आहे.

(४) ‘कमवा आणि शिका’ योजनेत अशा विद्यार्थ्यांना प्राधान्य द्यावे. कामाचे तास मात्र अभ्यासाला मारक ठरू नयेत.

(५) राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी संगोपन कुटुंबांतील शालेय मुलांना अभ्यासात मदत करावी. मात्र एका मुलाला एकच स्वयंसेवक व तोही किमान एक शैक्षणिक वर्ष, ही अट असावी. ज्यांच्या आयुष्यात माणसे वारंवार येऊन गेली आहेत, त्यांच्याकडे चार रविवार जाऊन पाचव्या रविवारी न जाणे ही मदत नव्हे.

(६) शिक्षणशास्त्र व समाजकार्य महाविद्यालयांनी बाल न्याय कायदा आणि आघातग्रस्त बालकाचे वर्तन हे विषय प्रात्यक्षिक कार्यात समाविष्ट करावेत.

६. काही मर्यादा

उपरोक्त सूचनांबाबत दोन सावधगिरीच्या गोष्टी नमूद करणे आवश्यक आहे. पहिली अशी की, परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. आपल्याकडे नातेवाइकांकडील संगोपनाचे स्थान मोठे आहे, शाळांची रचना भिन्न आहे आणि अनुदान वेळेवर मिळणे हाच अनेक कुटुंबांपुढील पहिला प्रश्न असतो. दुसरी अशी की, सहानुभूतीपोटी अपेक्षा कमी करणे हेही एक प्रकारचे नुकसानच आहे. ‘बिचाऱ्याला पास करून टाका’ असे म्हणणारा शिक्षक दयाळू असला तरी मुलाला अपूर्णांक येतच नाहीत. या मुलांना गुणांच्या सवलतीपेक्षा अधिक वेळ, अधिक सराव व अधिक विश्वास यांची आवश्यकता असते.

७. समारोप

संगोपन कुटुंबातील बालकांच्या शालेय यशासाठी नवा कायदा अथवा मोठा निधी ही पूर्वअट नाही. विद्यमान कायद्यांतील तरतुदी पुष्कळ आहेत. त्या एकत्र आणून एका विशिष्ट मुलाच्या बाबतीत रोज अंमलात आणणारी व्यक्ती नसणे, ही खरी उणीव होय. घर बदलले तरी शाळा टिकविणे, शाळा बदलली तरी अभ्यासाचा धागा टिकविणे आणि अठरा वर्षे पूर्ण झाली तरी माणूस टिकविणे, असा या लेखाचा सारांश सांगता येईल.

महाविद्यालयीन प्राध्यापकांनी आपल्या हजेरीपटातील अशा विद्यार्थ्यांची माहिती गोपनीयता राखून करून घेतली, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एका सहकाऱ्याचे नाव लिहिले, तर या कामाचा आरंभ येत्या सत्रातच होऊ शकेल.